कोळशाच्या वासामागे

दिल्लीत वाढलेल्या आम्हा भावंडांना (सख्खी, चुलत, आते सगळी मिळून) गाव मिळालं ते सुट्टीपुरतं. बाबा आणि काका पन्नासच्या दशकात केंद्र सरकारच्या नोकरीला दिल्लीत आले, करोलबागेत शेजारी-शेजारी बिऱ्हाडं केली आणि आम्हाला पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत घातलं. मे महिन्यात शाळा सुटली की एलटीसीचे कागद भरून दोन्ही घरं मालवणला निघायची. मुंबईपर्यंत आगगाडी, पुढे आगबोट. कोळशाचा वास म्हणजे घरी जायचा वास, हे आमच्या नाकात तेव्हाच पक्कं बसलं. पुढे चाळिशी उलटल्यावर आम्ही सगळे १८५५ सालच्या एका इंजिनामागे हरियाणाच्या आडरस्त्यांवरून गाड्या पळवत फिरलो, ते त्या वासामुळेच.

पंजाब मेलचं आरक्षण मिळालं की घरात सण असायचा. ही गाडी १९१२ पासूनची, आणि बाबा तिच्याबद्दल एखाद्या कर्त्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं मानानं बोलायचे. तिसऱ्या वर्गाच्या बाकाखाली ट्रंका, वर होल्डॉल, खिडकीच्या गजाला बांधलेली सुरई. दशम्या, तळलेली सांडगी मिरची आणि लसणीची चटणी असलेला पितळी डबा आईच्या मांडीजवळ. खिडकीत बसायचं तर डोक्याला पंचा बांधूनच, असा आईचा दंडक होता. तरी वळणावर इंजिन पाहायला डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाची कणी जायचीच. मग आत्या पदराचं टोक ओलं करून, पापणी उलटी करून ती कणी अलगद काढायची. आमच्यापैकी एकाचाही डोळा तिच्या पदरातून सुटलेला नाही. आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, इटारसी, खंडवा करत भुसावळ येईतो आमचे पांढरे सदरे काळ्या ठिपक्यांनी भरलेले असायचे. तिथे कानावर पहिली मराठी हाळी पडायची आणि केळी यायची.

इगतपुरीचं थांबणं सगळ्यात मोठं. घाटातल्या मार्गावर १९३० मध्येच वीज आली होती, त्यामुळे आमच्या लहानपणी दिल्लीकडून येणारं वाफेचं इंजिन इथे सुटायचं आणि विजेचं जोडलं जायचं. बाबा आम्हाला फलाटाच्या पार टोकापर्यंत घेऊन जायचे. काळं इंजिन धापा टाकत बाजूला निघून गेलं की दादा त्याला हात हलवून निरोप द्यायचा. रात्रभर आपल्याला ओढून आणणाऱ्याला निरोप न देता पुढे कसं जायचं, हा त्याचा प्रश्न होता, आणि आम्हा धाकट्यांना तो अगदी रास्त वाटायचा.

मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून बोट. हंगामातली ती जवळजवळ शेवटचीच असायची, कारण पावसाळ्यात कोकणची बोट बंद. म्हणून परतीचा प्रवास एसटीनं, घाट ओकत-ओकत. बोटीवर डेकवर चादर अंथरून जागा धरायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरं एकामागून एक यायची. बहुतेक ठिकाणी बोट समुद्रातच उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव यायचे, आणि हेलकावणाऱ्या पडावातून बायका, पोरं, फणस, कोंबड्या सगळं वर चढायचं. मालवणला आमचीही उतरायची पाळी तशीच. खलाशानं दंडाला धरून आपल्याला पडावात सोडलं तो क्षण आम्हा सगळ्यांना सारखाच आठवतो.

आजीला मात्र आम्ही बोटीनं यावं हे पटत नसे. तिच्या मनात १७ जुलै १९४७ होता. त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. दीप अमावास्येसाठी घरी निघालेली माणसं होती ती. आजीच्या माहेरच्या ओळखीतलं कुणी त्यात होतं. कोण, ते तिनं कधी सांगितलं नाही. आम्ही मालवणला पोचलो की ती आधी सगळ्यांची डोकी मोजायची आणि मगच भाकरतुकडा ओवाळून टाकायची. आगबोटीची ओढ आणि आगबोटीचं भय एकाच घरात नांदत होतं. आम्हा दिल्लीकर पोरांना समुद्र समजला तो या दोन्हींमधून.

साठचं दशक सरता-सरता पंजाब मेलला डिझेल इंजिन लागलं. प्रवास स्वच्छ झाला, सदरे पांढरेच राहिले. आत्याच्या पदराचं काम संपलं. पुढे कोकणची बोटही बंद पडली. आम्ही कॉलेजांत, मग नोकऱ्यांत, मग संसारांत गुंतलो.

१ फेब्रुवारी १९७७ ला चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय सुरू झालं, आणि बाबांनी तिथे आम्हाला पुन्हा एकत्र नेलं. तिथे आपल्याकडचे दोन पाहुणे आहेत. एक माथेरानच्या छोट्या गाडीचं इंजिन. दुसरं विजेचं, दोन्हीकडे लांब नाक असलेलं, घाटात मालगाड्या चढवणारं, ज्याला आपल्या रेल्वेतली माणसं खेकडा म्हणायची. कसारा घाटाची इतकी वर्षं ओळख असलेल्या बाबांनी त्याच्या लोखंडावरून हात फिरवला. संग्रहालयात पतियाळा संस्थानची एका रुळाची गाडीही आहे. ती १९२७ मध्ये बंद पडून यार्डात गंजत होती. मायकेल सॅटो नावाच्या रेल्वेवेड्या इंग्रज गृहस्थांना ती सापडली, आणि नीट करून ती पुन्हा चालवली गेली. भंगारातली गाडी पुन्हा वाफ धरू शकते, हे आम्ही पहिल्यांदा तिथे पाहिलं.

आणि तिथेच, छपराखाली, उभी होती फेअरी क्वीन. इंग्लंडातल्या लीड्स शहरात किटसन, थॉम्पसन अँड ह्युइटसन या कारखान्यानं १८५५ मध्ये बांधलेली, त्याच वर्षी कलकत्त्याला आलेली, ईस्ट इंडियन रेल्वेची २२ नंबरची. वजन अवघं सव्वीस टन. पुढे दोन लहान चाकं, मागे दोन लहान, आणि मध्ये माणसापेक्षा उंच अशी दोन मोठी. हावडा ते राणीगंज हलक्या डाकगाड्या तिनं ओढल्या, सत्तावनच्या उठावात पलटणी वाहिल्या, १९०९ मध्ये निवृत्त झाली. मग हावडा स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर, नंतर चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत, आणि अखेर दिल्लीत. बाबांच्या लेखी ती सुंदर होती, पण थंड होती. इंजिनाला हात लावला तर चटका बसला पाहिजे, असं ते म्हणाले होते.

१९९७ मध्ये तो चटका परत आला. जुलैमध्ये ती तब्बल अठ्ठ्याऐंशी वर्षांनी मुख्य मार्गावर धावली, आणि पुढच्या हिवाळ्यापासून दिल्ली कॅन्टोन्मेंट ते अलवर अशा तिच्या सहली सुरू झाल्या. जवळजवळ दीडशे किलोमीटरचं अंतर, एकच डबा, साठ माणसं, रात्री सरिस्काला मुक्काम. १९९८ मध्ये नियमित धावणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनेसच्या पुस्तकात तिची नोंद झाली.

तिकिटं महाग होती, आणि आमचं खटलं मोठं. म्हणून आम्ही रस्त्यानं तिच्या मागे जायचं ठरवलं. चुलतभावाची फियाट, आमची मारुती, आतेभावाची जीप. डब्यात दशम्या, कारण त्याशिवाय वाफेची गाडी पाहणं ताईला अधर्म वाटायचं. सकाळी दहाच्या सुमाराला कॅन्टोन्मेंटवर तिला सुटताना पाहायचं, मग बिजवासन, गुडगाव, गढी हरसरू, पतौडी रोड अशा ठिकठिकाणी फाटक गाठून उभं राहायचं. तिचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आतला, त्यामुळे आम्ही पुढे पोचायचो. फाटकवाला आम्हाला ओळखू लागला होता. शेतातली माणसं ऊस सोलता-सोलता उभी राहायची. मग लांबवर पांढरा पुंजका, पाठोपाठ शिट्टी, आणि ती मोठी चाकं संथपणे फिरत, पितळी भाग उन्हात लखलखत समोरून जायची. आत्या, तेव्हा सत्तरीच्या जवळची, दरवेळी पदर डोळ्यांवर धरायची. कणीसाठी धरते असं ती म्हणायची.

या रुळांचं पूर्वायुष्य दादानं आम्हाला फाटकावर उभ्या-उभ्या शिकवलं. दिल्ली ते रेवाडी हा देशातला पहिला मीटरगेज मार्ग, फेब्रुवारी १८७३ मध्ये सुरू झालेला. गढी हरसरूहून फुटणारी फरुखनगरची शाखाही त्याच वेळची, तिथल्या मिठासाठी टाकलेली. रेवाडीची इंजिन शेड १८९३ ची. नव्वदच्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि रेवाडीच्या छोट्या रुळांवरच्या वाफेच्या इंजिनांचा रोजगार गेला. फेअरी क्वीन ब्रॉडगेजची, म्हणून रूळ रुंद झाल्यावरच ती इथे येऊ शकली. ज्या बदलानं रेवाडीची वाफ विझवली त्यानंच फेअरी क्वीनला वाट दिली. रेवाडीच्या स्टेशनावर शेडमधली जुनी फिटर मंडळी तिला पाहायला यायची, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर दोन्ही गोष्टी दिसत. त्यांच्यापैकी एकानं आम्हाला सांगितलं, थंड बॉयलर एकदम पेटवत नाहीत. आदल्या दिवसापासून हळूहळू तापवत आणतात, नाहीतर पत्रा आणि नळ्या ताणून फाटतात. फेअरी क्वीनच्या टाकीत पाणी मावतं तीन हजार लिटर, म्हणजे दिल्लीतल्या गच्चीवरच्या तीन काळ्या टाक्यांइतकं. त्यात अलवर गाठायचं तर वाटेत पाणी घ्यावंच लागणार.

आमची एक आतेबहीण ग्लासगोला असते. आमच्या या उद्योगाची पत्रं वाचून तिनं वेव्हर्लीबद्दल लिहिलं. दोन्ही कुशींना वल्ह्यांची चाकं असलेली ही आगबोट १९४६ मध्ये पाण्यात उतरली आणि १९४७ च्या उन्हाळ्यात, आपली ‘रामदास’ बुडाली त्याच उन्हाळ्यात, तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. १९७४ मध्ये तिच्या कंपनीनं ती एका पौंडाला हौशी मंडळींच्या संस्थेला देऊन टाकली. वर्षभरात त्यांनी ती पुन्हा समुद्रात नेली. आज अशी चाकांची, समुद्रात उतारू घेऊन फिरणारी ती जगातली शेवटचीच. ती क्लाइड नदीच्या मुखापासून वेल्सच्या किनाऱ्यापर्यंत आणि थेम्सपर्यंत सहली करते, आणि तिचं इंजिन उतारूंना चालता-चालता उघड्यावर पाहता येतं. बहीण तिच्या मागे बंदरोबंदर जाते. तिनं लिहिलं होतं, इथे धक्क्यावर उभं राहिलं की आजी डोकी मोजायला येईल असं वाटतं. ते पत्र आम्ही करोलबागेत मोठ्यानं वाचलं आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

जुनं यंत्र चालवावं की जपून ठेवावं, यावर आमच्या घरात खरे वाद झाले. चुलतभाऊ इंजिनिअर आहे. त्याच्या मते प्रत्येक फेरीत मूळ धातू झिजतो, भाग बदलावे लागतात, आणि शेवटी १८५५ चं काय उरतं? मला त्याचं म्हणणं समजतं, पण मान्य नाही. कोळसा कसा टाकायचा, पाणी कुठवर राखायचं, सांध्यातून निसटणाऱ्या वाफेच्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा, हे सगळं माणसाच्या हातात असतं, आणि इंजिन थंड पडलं की ते हातही थंड पडतात. कोकणच्या बोटींचं तेच झालं. त्यांतली एकही चालती बोट आज आमच्या नातवंडांना दाखवायला नाही, हे मला अजून सहन होत नाही.

२०११ मध्ये फेअरी क्वीनचे भाग चोरीला गेले. तिला पेरांबूरच्या कारखान्यात नेऊन पुन्हा घडवावं लागलं. तिचं भावंड, २१ नंबरचं ‘एक्स्प्रेस’, त्याच कारखान्यानं २०१० मध्ये चालतं केलं होतं, म्हणून आम्हाला आशा होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती कॅन्टोन्मेंटहून रेवाडीला पुन्हा धावली. आत्या तेव्हा नव्वदीत होती. तिला गाडीतून उतरवून फाटकाशी खुर्चीवर बसवलं होतं.

आता फेअरी क्वीन दिसो न दिसो, आम्ही रेवाडीच्या शेडला जातो. २००२ मध्ये शेड सावरली गेली, नंतर तिचं वारसा संग्रहालय झालं. तिथे आझाद आहे, फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात १९४७ मध्ये बांधलेलं, डब्ल्यूपी जातीच्या पहिल्या तुकडीतलं. अकबर आहे, चित्तरंजनला १९६५ मध्ये झालेलं, सिनेमांत पुष्कळदा दिसलेलं. नाकावर तारा असलेली ही जात म्हणजे आमच्या मेलगाड्यांची इंजिनं, इगतपुरीला दादा ज्यांना निरोप द्यायचा त्यांच्या गोतातली. गेल्या हिवाळ्यात नातवंडांना घेऊन गेलो. धाकटीला अकबर आवडलं, मोठ्याला आझाद, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. दादानं धाकटीला परवानगी घेऊन आझादच्या कॅबमध्ये चढवलं, तिच्या हातात रिकामं फावडं दिलं, आणि भट्टीत कोळसा आधी मागच्या कोपऱ्यांत, मग कडेला, मग मध्ये कसा पसरायचा हे तिला शिकवायला सुरुवात केली.