मधला दुभाषी

भाषांतर म्हटले की आपल्या कला शाखेच्या मंडळींना शेक्सपिअर नाही तर टागोर आठवतात. मला मात्र भाषांतराचा खरा धडा मिळाला तो घरच्या जुन्या संगणकावर, आणि तोही मोटारींच्या शर्यतीचा खेळ चालवताना!

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमचे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसेना. नवे घ्यायचे तर कापसाच्या पैशाकडे पाहावे लागले असते. म्हणून मी त्यावर लिनक्स बसवले. माझे टंकलेखन, धाकट्याचा अभ्यास सुरळीत झाला. प्रश्न उरला त्याच्या खेळांचा. "खेळ नाही तं हा डबा काय कामाचा?" हा त्याचा सवाल. यंत्र घरात राहणार की भंगारात जाणार, हे जणू त्यावरच ठरणार होते.

अडचण होती भाषेची. विंडोजचा खेळ चित्र काढण्याचे हुकूम 'डायरेक्ट थ्रीडी' या बोलीत सोडतो. लिनक्सवर चालतात ओपनजीएल आणि २०१६ साली आलेली व्हल्कन. तेव्हा मध्ये दुभाषी हवा. 'वाइन' हा १९९३ पासूनचा दुभाषी, त्याची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. केवढी ही चिकाटी! पुढे फिलिप रेबोल याला आपला आवडता खेळ लिनक्सवर खेळायचा होता. त्यातून डायरेक्ट थ्रीडीचे व्हल्कनमध्ये रूपांतर करणारे 'डीएक्सव्हीके' जन्मले. २०१८ साली व्हॉल्व्ह कंपनीने दोहोंची मोट बांधून 'प्रोटॉन' काढले.

आमचे ग्राफिक्स कार्ड जीटी ७१०. त्याच्या ड्रायव्हरची मजल व्हल्कन १.२ पर्यंतच, नोव्हेंबर २०२२ मधल्या डीएक्सव्हीके २.० ला मात्र १.३ लागते. नवा दुभाषी बसवताच धाकट्याची हाक आली, "ताई, खेळ तं सुरूच नाही होऊन राह्यला!" मग २००५ च्या 'मोस्ट वाँटेड'साठी १.१०.३ ही जुनी आवृत्ती आणली. २००३ चा 'व्हाइस सिटी' डायरेक्ट थ्रीडी ८ बोलतो. ती बोली या आवृत्तीला येत नाही. त्याच्यासाठी वाइनचा स्वतःचा दुभाषी, ओपनजीएलमार्गे. प्रत्येक खेळाला स्वतंत्र 'प्रीफिक्स', म्हणजे वेगळी चूल. एकीची फोडणी दुसरीत पडायला नको. कोणत्या चुलीवर कोणता दुभाषी, हे मी वहीत लिहून ठेवते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी, कोलामी शेजारी शेजारी नांदतात. बाजारात कोलामी बोलणारी आजी आणि वऱ्हाडी दुकानदार यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस किती पढलेला, याला महत्त्व नाही. त्या दोघांची बोली त्याला येते का, एवढेच पाहायचे. आमच्या यंत्रालाही सर्वांत नवा दुभाषी नको होता. त्याची ऐपत ओळखणारा हवा होता. आणि यात ना खेळाला आपली भाषा सोडावी लागली, ना यंत्राला.

आता गाडी धावते. एखादे नवे दृश्य प्रथमच आले की क्षणभर अडखळते; दुभाषी शब्द शोधत असतो. सापडला की टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी अडत नाही. धाकट्याला याची दादही नाही. त्याला आता तिसरा खेळ हवा आहे, आणि माझ्या वहीत नवे पान उघडले आहे!