येथे वाहन लावू नये

ज्या गावातल्या वस्त्यांची नावे पलटन, रिसाला, तोफखाना आणि पेन्शनपुरा अशी आहेत, त्या गावात चोराने जरा बिचकतच पाऊल टाकावे, अशी माझी भाबडी समजूत होती. निजामाच्या काळी आमच्या हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती फौज १९०३ साली हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. नावे तेवढी मागे उरली. त्या नावांच्या भरवशावर मी माझी स्कूटर गल्लीत उघड्यावर लावीत आलो आणि एका सकाळी ती जागेवर नव्हती.

स्कूटर म्हणजे जुनी चेतक. तिला आधी एका अंगावर झोपवायची, मग उभी करायची, चोक ओढायचा आणि कुलदैवताचे नाव घेऊन किक मारायची. अशी गाडी कुणी चोरावी याचे मला दुःखापेक्षा आश्चर्यच अधिक वाटले. ठाण्यात हवालदारांनी "रंग?" म्हणून विचारले, तेव्हा मी "मूळचा की सध्याचा?" असे विचारून बसलो. आमची ही तर म्हणाली, "चोर सापडला की त्याला एवढंच विचारा, पहिल्या किकला कशी सुरू केली?"

तिसऱ्या दिवशी सकाळी एक पोरगा दारात उभा. "काका, तुमची चेतक औंढ्याच्या रोडला पडून होती. ढकलत आणलो. पेट्रोल नाही तिच्यात." पेट्रोल तिच्यात कधीच फारसे नसते, चोर फसला तो तिथेच. मी पन्नासाची नोट पुढे केली. त्याने ती घेतली नाही, उभ्याउभ्या चहा घेतला आणि गेला. कपाच्या कानाला हळदीचा डाग राहिला होता.

पण गल्ली आता पेटली होती. त्याच आठवड्यात दोघांच्या मोटारसायकलींचे पेट्रोल नळी घालून कुणीतरी ओढून नेले. रात्री ओट्यावर सभा भरली. अध्यक्षस्थानी, कुणी न बसवता, आमचे निवृत्त तलाठीसाहेब. बाजारात येणारा जाणारा आमच्या गल्लीत गाडी लावून जातो. तीस गाड्यांच्या गर्दीत कोण आपल्या गाडीला किल्ली लावतो नि कोण दुसऱ्याच्या, हे कळायचे कसे? तेव्हा बाहेरच्या गाड्याच बंद करा, असा सूर निघाला.

पुण्याला शिकून आलेल्या एका भाच्याने लगेच पी-१, पी-२ चे पुराण सांगितले. एका तारखेला रस्त्याच्या या बाजूला गाड्या, दुसऱ्या तारखेला त्या बाजूला. मग त्याने अमेरिका काढली. झिम्बार्डो नावाच्या मानसशास्त्रज्ञाने म्हणे बिननंबराची मोटार बॉनेट उघडून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सोडून दिली. दहा मिनिटांत लूट सुरू. तशीच दुसरी मोटार पालो आल्टोच्या सुखवस्तू वस्तीत ठेवली, तिला आठवडाभर कुणी हात लावला नाही. मग या गृहस्थाने स्वतःच घण घातला आणि बघता बघता येणारेजाणारेही फोडायला लागले. १९६९ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि १९८२ साली विल्सन आणि केलिंग या दोघांनी त्याचा दाखला देऊन फुटक्या खिडकीचा सिद्धांत मांडला : एक काच फुटकी राहू दिली की पुढच्या काचांना आमंत्रण. सगळ्यांनी माझ्या चेतककडे पाहिले. गल्लीतली फुटकी खिडकी कोणती, यावर एकमत होते.

भाच्याने एक गोष्ट मात्र घाईत सांगून टाकली आणि कुणाच्या लक्षात राहिली नाही. ब्रॉन्क्सच्या मोटारीची बॅटरी आणि रेडिएटर आधी काढून नेला तो एका कुटुंबाने. आई, बाप आणि बरोबर लहान मुलगा!

तलाठीसाहेबांनी कायदा वाचून आणला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११७ : गाड्या कुठे लावायच्या ते सरकार किंवा सरकारने नेमलेला अधिकारी ठरवणार. म्हणजे गल्लीने रंगवलेल्या बोर्डाला कागदावर काडीचीही किंमत नाही. "मग?" "मग काय, रंग आणा." तिकडे एकतीस घरांच्या सह्यांचा अर्ज गेला आणि इकडे बोर्ड लागला : रात्री १० ते सकाळी ६ बाहेरच्या वाहनांस मनाई.

खरे सांगायचे तर गुण आला. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसू लागली. गर्दीत उभा असलेला अनोळखी माणूस कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मोकळ्या गल्लीत तोच खांबासारखा दिसतो. पेट्रोलची नळी पुन्हा आली नाही.

अडचण एवढीच, की बाहेरचा कोण? पहिला सापडला माझा मेहुणा. वसमतहून रात्री साडेदहाला आला. सकाळी दोन्ही चाकांची हवा गुल. आमच्या हिने समितीची जी उत्तरपूजा बांधली, ती लिहिण्यासारखी नाही.

दुसरा तो हळदीच्या हाताचा पोरगा. मार्केट यार्डात हमाली करायचा. रात्री दोनला हळदीचे ट्रक रिकामे करून यायचा आणि गाडी आमच्या गल्लीत लावून मागच्या वस्तीत चालत जायचा, कारण त्यांच्या बोळात गाडी शिरत नाही आणि दिवाही नाही. सकाळी आठला गाडी गेलेली असायची. बेवारस गाडी उचलायला कायद्यालासुद्धा दहा तास लागतात. समितीला तेवढा दम नव्हता. तलाठीसाहेबांनी त्याला ओट्यासमोर उभे केले. "रात्री दोनला इथं काय काम असतं तुझं?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी चपलेचा अंगठा नीट करीत होतो. "औंढ्याच्या रोडवरून माझी गाडी यानेच ढकलत आणली," एवढे एकच वाक्य. सभेत मी विनोद बरे करतो. हे वाक्य काही तोंडातून निघाले नाही. "बरं काका," म्हणून तो गाडी घेऊन गेला.

घरी आल्यावर ही काही बोलली नाही. ही काही बोलत नाही तेव्हा जेवण नीट जात नाही. दुसऱ्या दिवशी मी यार्डात गेलो, शिंका देत देत त्याला शोधला आणि आमच्या अंगणाच्या फाटकाची दुसरी किल्ली त्याच्या हातात ठेवली. आता रात्री दोन-अडीचला फाटक कुरकुरते आणि चेतकशेजारी त्याची गाडी उभी राहते. समितीला मी अजून सांगितलेले नाही.

परवा तलाठीसाहेबांनी फाटकाशीच गाठले. "काय हो, रात्री तुमचं फाटक कोण वाजवतं?"

"मांजर," मी म्हणालो.

"मांजराचे पंजे पिवळे दिसतात," ते कडीकडे पाहत म्हणाले. मग गल्लीत मागेपुढे एकदा बघितले, खिशातला रुमाल काढला आणि ती कडी स्वच्छ पुसून टाकली.