जोगेश्वरीच्या तबेल्यातला पाहुणा

जोगेश्वरी पूर्वेला सहाव्या शतकातली लेणी आहेत. ती बघायला गेलो आणि परतताना एका गल्लीतल्या तबेल्यापाशी थबकलो. आत लगबग चालली होती.

तिथल्या काकांनी वरातीसाठी घोडी घेतली होती, आयुष्यातली पहिलीच! तिचं पोट सुटलंय, असं त्यांना वाटलं. त्या सकाळी सडांवर मेणासारखे थेंब दिसले, म्हणून डॉक्टरांना बोलावलं.

"अहो, ही गाभण आहे! आज-उद्यात विणार."

घोडी अकरा महिने गाभण असते. काकांच्या हाती एकच दिवस! त्यांनी वरातींचे आगाऊ घेतलेले पैसे परत केले. जमीन धुऊन सुकवली, पेंढ्याची जाड गादी घातली. नाळेला लावायला आयोडीन, स्वच्छ कापड, बॅटरी आणि घड्याळ जवळ ठेवलं.

"घड्याळ कशाला?" मी विचारलं.

"डॉक्टरांचं गणित! एका तासात शिंगरू उभं राहायला हवं, दोन तासांत दूध प्यायला हवं, तीन तासांत घोडीची वार पडायला हवी. उशीर झाला, तर लगेच त्यांना बोलवायचं."

पहिला चीक फार महत्त्वाचा. रोगांशी लढायची ताकद शिंगराला त्यातूनच मिळते.

घोड्या बहुधा रात्री, शांततेत वितात. म्हणून गल्लीतल्या मुलांनी त्या रात्री क्रिकेट बंद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा गेलो. आईला बिलगून लांब पायांचं शिंगरू उभं होतं!

"तीनदा पडलं," काका लाल डोळ्यांनी हसले, "चौथ्यांदा उभं राहिलं. पन्नासाव्या मिनिटाला!"