ओली हवा आणि कातडे

गोव्याचा पावसाळा जेवढा घराबाहेर पडतो तेवढाच घरातही शिरतो. जुलै लागला की पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, ट्रंकेच्या अस्तरावर, तसबिरींच्या पाठीवर पांढरट बुरसा दिसू लागतो. त्यातही त्याचा खरा डोळा कातड्यावर. हवेतला दमटपणा बराच काळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की बुरसा धरतो, आणि आपल्याकडे जुलैत तो ऐंशीच्या खाली क्वचितच उतरतो. चपला, कमरपट्टे, तबल्याची पुडी, घुमट, सगळ्यांचीच परीक्षा.

माझ्याकडे एक कातडी जाकीट आहे. ते माझे नव्हे, दादाचे. दादा बोटीवर होता. परदेशातल्या कुठल्याशा थंड बंदरात त्याने ते घेतले. तो गेला तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचा होता. पुढच्याच पावसात माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या जाकिटावर बुरशीचे ठिपके उमटले. तेव्हा मी बँकेच्या बदलीमुळे उज्जैनला होतो. गणेशचतुर्थीला घरी आलो तेव्हा वहिनीने ते माझ्या हातात ठेवले. म्हणाली, "तुमच्याकडे हवा कोरडी. तुम्हीच सांभाळा. पोर मोठा झाला की द्या त्याला."

माळव्याची हवा कोरडी, हे काही तिने नवे सांगितले नव्हते. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व 1948 साली देवासला राहायला गेले ते याच हवेच्या भरवशावर. देवास उज्जैनहून तासाभराच्या अंतरावर. गंमत म्हणजे कातडे कमावण्याच्या मोठ्या कारखान्यासाठीही देवासचे नाव आहे. जी हवा गवयाच्या फुफ्फुसांना मानवली ती कातड्यालाही मानवत असावी, अशी मी आपली समजूत करून घेतली.

पण कोरड्या मुलखातही पाऊस असतोच. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर, तर उज्जैनला 900च्या आसपास. शिवाय थंडीत अवचित येणारा मावठा. एका जानेवारीत देवासहून स्कूटरवर परतताना त्याने मला गाठले. घरी पोचलो तेव्हा जाकीट पाणी पिऊन दुप्पट जड झाले होते.

दुसऱ्या दिवशी ते घेऊन गोपाल मंदिराकडे गेलो. हे मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलेले. त्याच्या समोरच्या छत्री चौकाच्या गर्दीत एक वृद्ध मोची बसत असे. त्याने जाकीट उलटसुलट केले, बाही नाकाला लावली आणि पहिले वाक्य बोलला, "आग मत दिखाना, बाबूजी." शेगडी नको, हीटर नको, उन्हातही टांगायचे नाही.

कारण साधे आहे. कातडे म्हणजे एकमेकांत गुंतलेले तंतू. कमावताना त्यांच्यात तेल मुरवलेले असते, म्हणून ते लवते. पाणी आत शिरले आणि घाईने सुकले की तंतू आखडून एकमेकांना चिकटतात. कातडे ताठ होते, मग घडीवर तडकते. म्हणून आधी सुती फडक्याने टिपायचे, घासायचे नाही. खिसे रिकामे करायचे. रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, पंख्याच्या लांबच्या वाऱ्यात, सावलीत दोन दिवस सुकू द्यायचे. आणि पुरते सुकल्यावरच तेल.

तेलाविषयी तो फार काटेकोर होता. आम्हा गोवेकरांना सगळ्यावर खोबरेल सुचते. त्याने मान हलवली. खोबरेल चोविसेक अंशांखाली थिजते, उज्जैनच्या थंडीत तर बाटलीतच गोठून बसते. शिवाय कातडे काळवंडते. त्याने मधमाश्यांच्या मेणाचे मलम काढले आणि कॉलरच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, आधी लावून पाहिले. रंग बदलला नाही तेव्हाच पुढे गेला. थर इतका पातळ की बोटाला जेमतेम चिकटावा. मेण भरपूर थापले की छिद्रे बुजतात. आणि मखमलीसारख्या लवेच्या कातड्याला तेल-मेण काहीच नको, नुसता मऊ ब्रश.

त्या चौकातून महाकालाची सवारी जाते. उत्तरेत पौर्णिमेला श्रावण संपतो, पण सवारी पुढचा पंधरवडाही चालते, कारण आपल्या मराठी पंचांगाचा श्रावण अमावास्येपर्यंत असतो. शिंदेशाहीची ही खूण तिथे अजून टिकून आहे. देवळात शिरताना आपण चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर काढून ठेवतो, आणि आत देवापुढे वाजतो तो कातड्याचाच नगारा. आपल्याकडेही सुवारीतले घुमट आणि शामेळ कातड्याचेच. 2019 साली घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. पण कातडे कमावणाऱ्या आणि मढवणाऱ्या हातांना आपण किती मान दिला, हे विचारले की सभा गप्प होते. त्या मोच्याने मलमाचे पैसे घेतले, शिकवणीचे घेतले नाहीत.

निवृत्तीनंतर मी गोव्यात परतलो, आणि जाकीटही. आता इथल्या पावसाशी गाठ. मे महिन्यात त्याला मेणाचा हात फिरतो. मग जुन्या सुती पलंगपोसाच्या खोळीत ते कपाटात जाते, प्लास्टिकमध्ये नाही, कारण कातड्याला श्वास लागतो. कपाटात तळाशी लहानसा दिवा जळतो, जसा पूर्वी रेशमी लुगड्यांसाठी ठेवत. सिलिका जेलच्या पुड्या महिन्याला बदलतो. कडुलिंबाचा पाला किडे आवरतो, ओल नव्हे. उघडीप मिळाली की जाकीट तासभर व्हरांड्यात. बुरसा दिसलाच तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडायचा. घरात झाडला तर त्याचे कण दुसऱ्या कपाटात जाऊन बसतात.

पुतण्या आता वीस वर्षांचा आहे. खांदे दादासारखेच रुंद. डाव्या बाहीवर जुन्या बुरशीचे दोन फिकट डाग आहेत, ते काही जात नाहीत. तो म्हणतो, असू देत. येत्या डिसेंबरात जाकीट त्याच्या स्वाधीन करीन. सोबत मेणाची डबी, आणि त्या मोच्याचे पहिले वाक्य.