भिंतींनाही श्वास हवा

मडगावहून सुमारे १५ किलोमीटरवर केपे हे दक्षिण गोव्यातील तालुक्याचे गाव आहे. तेथील चर्चसमोर एक ऐसपैस वाडा उभा असून त्याच्या मागील अंगाने कुशावती नदी वाहते. जुझे पावलू द आल्मेदा या पोर्तुगीज धर्मगुरूंनी १७८७ साली तो बांधला. केपे गाव वसवण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. ते ‘डीन’ या पदावर होते, म्हणून वास्तूचे नाव पडले ‘पालासियो दो देआंव’, म्हणजेच डीनसाहेबांचा वाडा.

कालौघात या वाड्याची रया गेली होती. अलीकडच्या काळात एका गोमंतकीय दांपत्याने मूळ वळण राखून तो पुन्हा राहता केला. आगाऊ कळवून गेल्यास वाडा पाहता येतो आणि इंडो-पोर्तुगीज पद्धतीचे भोजनही मिळते. नदीकडच्या बाजूला, झाडांच्या सावलीत बसले की दुपारचा उकाडा जाणवेनासा होतो. आम्ही उभयता तेथे गेलो, तेव्हा पत्नी बागेत रमली आणि मी भिंतींचे पायथे न्याहाळत राहिलो. सावंतवाडी परिसरात अनेक वर्षे वैद्यकी केल्याने ही सवय जडली आहे. घरातील माणसांच्या छातीचे दुखणे पुष्कळदा तेथेच दिसते.

गोव्यात व तळकोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुनी घरे बहुधा जांभ्याच्या चिऱ्यांची असतात. जांभा सच्छिद्र असल्याने जमिनीतील ओल वर ओढतो. जुन्या गवंड्यांनी यावर उपाय योजला होता, तो चुन्याच्या गिलाव्याचा. चुनाही सच्छिद्र असल्यामुळे ओल त्यातून बाहेर पडते आणि ऊन-वाऱ्याने उडून जाते. अशा भिंतीवर सिमेंटचा घट्ट थर चढवला, की ओलीची वाट बंद होते. ती आत कोंडते, आणखी वर चढते, रंगाला फोड आणते. कपाटामागे बुरशी धरते ती अशानेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत घरातील ओल व बुरशी यांचा श्वसनविकारांशी आणि दमा बळावण्याशी असलेला संबंध स्पष्ट नोंदवला आहे.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त दांपत्य मुंबई सोडून वडिलोपार्जित घरी परतले. चतुर्थीपूर्वी घर नीटनेटके दिसावे, म्हणून यजमानांनी माजघराच्या ओल्या भिंती घाईने सिमेंटने गिलावून घेतल्या. बाईंना पूर्वीपासून दमा होता. पुढच्या पावसाळ्यात रात्रीमागून रात्री त्या उशांना टेकून बसून काढू लागल्या. घर विकून पुन्हा फ्लॅटमध्ये जावे काय, इथपर्यंत गोष्ट आली. अखेर दोघांनी सिमेंट खरवडून काढवले, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर नेले, भिंती वाळू दिल्या आणि मगच चुना लावला. बाईंचा पंप सुटलेला नाही, सुटणारही नाही. पण आता रात्री उठून बसण्याची वेळ क्वचित येते.

जुने घर दुरुस्त करू पाहणाऱ्या जोडप्यांना काही गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. माळ्यावरील वटवाघळांची विष्ठा कोरडी झाडू नये. आधी पाण्याने भिजवावी आणि एन-९५ मुखपट्टी लावूनच काढावी, कारण तिच्या धुळीतून फुप्फुसांना बुरशीजन्य संसर्ग होऊ शकतो. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये. अशा कामाच्या वेळी गर्भवती स्त्रिया व मुले यांना घरापासून दूर ठेवावे. कळीचा चुना पाण्यात विरवताना खदखदतो. डोळ्यांना चष्मा हवाच. थेंब उडाल्यास स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा निदान १५ ते २० मिनिटे धुवावा व त्वरित दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या लसीला दहा वर्षे उलटली असतील, तर काम आरंभण्यापूर्वी ती घ्यावी. दमेकऱ्याने पाडकामाच्या दिवसांत दुसरीकडे मुक्काम हलवावा. त्यात कमीपणा नाही.

कामाची वाटणीही प्रकृती पाहून करावी. ज्याचे गुडघे दुखतात त्याने शिडी चढू नये, जिला धूळ सोसत नाही तिने हिशेब आणि सुतार-गवंड्यांशी बोलणी सांभाळावीत. कोणते काम आधी हाती घ्यावे यावरून दोघांत खटके उडणारच. त्यासाठी एक पूर्ण पावसाळा केवळ पाहण्यात घालवावा. पाणी कोठून येते, कोठे साचते, हे दोघांनी मिळून वहीत टिपले की निम्मे वाद आपोआप मिटतात. दोनशे वर्षांचे घर आणखी एक पावसाळा थांबू शकते. दुखऱ्या छातीला तशी सवड नसते, म्हणून आधी तिच्याकडे पाहावे.