पाच न्यूटन-मीटर

स्टीलची सायकल जुळवण्यात ज्या मिस्त्रीची हयात गेली, त्याच्या हातात घट्टपणाचा जो अंदाज मुरलेला असतो तो मुळात धातूनेच त्याला शिकवलेला असतो. बोल्ट आवळत गेले की पान्याला होणारा विरोध वाढत जातो, आणि धातू सोसण्याच्या कडेला आला की तो वाढायचा थांबून हात किंचित पुढे सरकल्यासारखा वाटतो; त्या जागेच्या जरा अलीकडे जो थांबतो त्याचे आटे मरत नाहीत आणि बाजारात त्याच्या हाताचे नाव होते. स्टीलची नळीही तुटण्यापूर्वी वाकते, वाकलेली डोळ्यांना दिसते आणि पुष्कळदा ठोकून सरळ करता येते. कार्बनच्या सुट्या चौकटीवर पहिली रोड सायकल, म्हणजे पक्क्या रस्त्यावर वेगाने जाण्यासाठी केलेली, खाली वळलेल्या हँडलची आणि अरुंद टायरची हलकी सायकल, उभी करायला घेतली की हे शिक्षण ज्या इशाऱ्यावर उभे असते तो इशाराच येत नाही.

कार्बनची चौकट ओतीव नसते. केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बन तंतूंचे पट्टे इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे तापवल्यावर कायमच्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रव्यात, भिजवलेले असतात. ते साच्यात ठरवून दिलेल्या कोनांत एकावर एक रचून उष्णता आणि दाब दिला की त्यांची एकजीव नळी होते. तंतूच्या लांबीच्या दिशेने ओढ सोसण्यात, वजनाच्या मानाने पाहिले तर, स्टील तिच्या जवळपासही येत नाही. आडव्या दाबाखाली मात्र तिची गत वाळल्या ज्वारीच्या धांड्यासारखी होते, जो लांबीत ओढून तुटत नाही आणि चिमटीत दाबला की फुटतो; फरक एवढाच की धांडा फुटलेला दिसतो, तर कार्बनच्या आतले थर एकमेकांपासून सुटले तरी वरचा रंग अभंग राहू शकतो. म्हणून जाणते लोक संशय आलेल्या नळीवर नाण्याने टिचक्या मारत जातात आणि कान देतात: शाबूत जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. हे तपासणे हाताचे नसून कानाचे आहे, आणि ते नुकसान झाल्यानंतरचे आहे.

या पदार्थाचा पूर्वज सुती आहे, याची वऱ्हाडात क्वचितच आठवण काढली जाते. एडिसनने १८७९ साली आपल्या दिव्यात जळवून कार्बन केलेला साधा शिवणाचा सुती दोरा वापरला होता. त्याच्या आधीच्या दोन दशकांत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांकडे निघाला, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आजचा मजबूत तंतू कापसापासून होत नाही. तो १९६० च्या दशकात जपान आणि ब्रिटनमध्ये एका कृत्रिम धाग्यापासून सिद्ध झाला, आणि १९८६ साली ग्रेग लेमाँडने टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली तेव्हा त्याच्या सायकलीच्या नळ्या कार्बनच्या होत्या. त्याच काळात अमरावती-अकोल्याच्या दुकानांत सोनीपतची ॲटलस आणि लुधियानाची हीरो यांपलीकडे फारसे काही उघडले जात नव्हते, आणि कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा आसाला जखडणारी पाचर, नीट ठोकता येणे ही कारागिरीची कसोटी होती. तिथून कार्बनपर्यंतचे अंतर इथल्या मिस्त्रीला एकाच उडीत तोडावे लागले आहे. अॅल्युमिनियमच्या सायकलींवर हात बसवण्याचा जो मधला टप्पा पुण्या-मुंबईच्या कारागिरांना मिळाला, तो इकडे नीटसा आलाच नाही.

मागणी का आली, याचे उत्तर रस्त्यात आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या अमरावती-अकोला टप्प्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. बडनेऱ्याच्या पुढे मूर्तिजापूरच्या दिशेने २५ मिलिमीटर रुंदीचे टायर निर्धास्तपणे नेता येतील असा रस्ता त्याआधी या भागाने पाहिला नव्हता. उत्तरेला परतवाड्याच्या पुढे सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याचा घाट आहे, जिथे चौकटीतले किलोभर वजन कमी झाले की मांड्यांना कळते. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी रेस ॲक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केल्यानंतर विदर्भातल्या डॉक्टरांनी, प्राध्यापकांनी आणि व्यापाऱ्यांनी लांब पल्ल्याची सायकल मनावर घेतली, आणि त्यांच्यापैकी काहींनी तयार सायकल न घेता सुटी चौकट आणून ती इथेच जुळवून मागितली.

जुळवणीतल्या बहुतेक कामांबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचा हँडलकडे जाणारा दांडा बारीक दातांच्या पात्याने, पाणी मारत आणि नाका-तोंडावर मुखपट्टी बांधून कापावा, कारण ती काळी धूळ फुप्फुसांना वाईट. वरच्या चकत्या राखून आधी थोडा लांबच ठेवावा, आणि मालक काही दिवस फिरवून आल्यावर शेवटचा काप घ्यावा. गिअर आणि ब्रेक यांना कार्बनचे काही वेगळे नसते. सारे घोडे अडते ते सीटच्या दांडीपाशी, म्हणजे चौकटीच्या नळीत सरकणाऱ्या आणि एका कडीने पकडलेल्या त्या २७.२ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ दांडीपाशी. दोन्ही कार्बनच्या. ढिली राहिली तर स्वाराच्या वजनाखाली मूर्तिजापूर येईतो काही मिलिमीटर खाली बसते आणि गुडघे बोलू लागतात. जास्त आवळली तर कडीच्या खालचे थर चिरडतात. कडीवर बारीक अक्षरांत कमाल पिळाचा आकडा छापलेला असतो, पुष्कळदा ५ न्यूटन-मीटर, ज्याचा अर्थ असा की दहा सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण पाच किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. हा आकडा आला की खट्ट करणारा टॉर्क पाना मिळतो, आणि नवशिक्याला वाटते की प्रश्न मिटला.

तो तिथे मिटत नाही. पाना मोजतो तो बोल्टला दिलेला पीळ. दांडीवर पडणारा दाब तो मोजत नाही. दिलेल्या पिळातला सुमारे नऊ-दशांश भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच खर्च होतो आणि उरलेल्या दशांशातून प्रत्यक्ष ताण निर्माण होतो. पाच मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे आटे कोरडे असतील तर ५ न्यूटन-मीटरला साधारण पाच हजार न्यूटन, म्हणजे अर्ध्या टनाच्या भाराइतका ताण येतो. त्याच आट्यांना ग्रीस लावले तर पान्यावर तोच आकडा असताना ताण साडेसहा हजारांच्या आसपास जातो, आणि काळ्या मातीची धूळ आट्यांत बसली असेल तर तो बराच खाली राहतो. पाना तिन्ही वेळा सारखाच खट्ट करतो. म्हणून दांडीला ग्रीसऐवजी कार्बनचा लेप, म्हणजे बारीक प्लॅस्टिकचे कण घातलेले मलम, लावून पकड वाढवायची आणि पीळ कमाल आकड्याच्या खाली ठेवायचा, ही रीत पडली आहे. ती बरोबर आहे, पण लेप कुठे किती, कडीचा चिरा आणि नळीचा चिरा एका रेषेत ठेवायचा की समोरासमोर, बोल्टच्या डोक्याखाली थेंबभर तेल द्यायचे की नाही, हे सारे ठरल्यावरही वऱ्हाडचा उन्हाळा शिल्लक राहतो. ॲल्युमिनियम दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे २३ दशलक्षांशाने वाढते आणि कार्बन जवळजवळ वाढतच नाही. तेव्हा जानेवारीतल्या पहाटे आवळलेली ॲल्युमिनियमची कडी मे महिन्यात, अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला असताना, कागदाच्या जाडीच्या काही अंशाने का होईना मोठी झालेली असते, आणि आतली दांडी तिथल्या तिथे असते. थंड हवेच्या देशांत लिहिलेल्या पुस्तिकांत या गोष्टीला जागा नसते. होळीनंतर कडी पुन्हा तपासावी, असे या भागातल्या प्रत्येक मालकाला सांगणे प्रस्तुत लेखकाला आवश्यक वाटते, आणि सांगितलेले फार थोडे जण ऐकतात.

या ठिकाणी एका अहंकाराचीही नोंद करणे प्रामाणिकपणाचे होईल. पाना कानाला न लावता, नुसत्या मनगटाने आवळलेला बोल्ट पुढे वर्षभर हलत नाही, अशी ख्याती कमावलेल्या माणसाला गिऱ्हाईक समोर उभे असताना मोजणारे हत्यार हातात घेणे जड जाते. टॉर्क पाना कार्बनसाठी आणला, असे दुकानात सांगितले जाई आणि ते खरेही होते. परंतु साठीकडे झुकलेल्या बोटांच्या टोकांना पूर्वीसारखे कळत नव्हते, हे त्याचे दुसरे कारण होते, आणि ते कार्बनच्या आड झाकून ठेवण्यात प्रस्तुत लेखकाला बरे वाटत असे. शिकाऊ मुलाने मात्र ते कोणी न सांगता ओळखले होते.

धंद्याच्या आजच्या चालीबद्दल काही मते ठाम आहेत. पायडलचा आस जिथे फिरतो त्या पेटीतल्या बेअरिंगना आटे न ठेवता ती नुसती दाबून बसवण्याची पद्धत कारखान्याच्या सोयीची आहे, मिस्त्रीच्या नाही, आणि मापात केसभर फरक राहिला की ती चढावर कुरकुर करते. आट्यांची पेटी काही कंपन्यांनी पुन्हा आणली, हे फार चांगले झाले. ब्रेकच्या नळ्या हँडलखालच्या बेअरिंगमधून आत नेणे, ज्यामुळे साधे बेअरिंग बदलायला ब्रेकचे तेल काढावे लागते, हे केवळ दिसण्यासाठी केलेले आहे. मोठ्या शहरांतली काही दुकाने विजेच्या पान्याने बोल्ट पळवून वर हाताने एक शेवटचा हिसका देतात आणि अशा सायकली मग दुरुस्तीला इकडे येतात. त्या उघडताना राग येतो, आणि तो यावा असेच ते काम असते. गिऱ्हाइकांचाही वाटा आहे. जो चौकटीचे वजन ग्रॅममध्ये विचारतो आणि कडीवरचा आकडा कधी वाचत नाही, त्याच्या हाती ॲलन की न देणेच बरे.

शिकाऊ मुलाला काय आधी शिकवावे, यावर इथल्या मिस्त्रींत मतभेद आहेत. पुष्कळांचे म्हणणे असे की पुढचे दिवस मोजमापाचे असल्याने त्याला थेट टॉर्क पान्यावर बसवावे. जुने शिकवून हात बिघडतो. प्रस्तुत लेखकाचे मत उलट आहे. त्याला आधी मोडीतल्या स्टीलच्या सायकली द्याव्यात, त्यांचे बोल्ट मरेपर्यंत आवळू द्यावेत, आटे सुटतानाचा तो सरकल्यासारखा स्पर्श त्याच्या मनगटात उतरू द्यावा, आणि मगच कार्बनची कडी त्याच्यापुढे ठेवावी. कारण आट्यांत धूळ आहे की ग्रीस, बोल्ट सरळ बसतो आहे की तिरका, हे खट्ट होण्याच्या आधीच्या दोन फेऱ्यांत बोटांनाच कळते आणि पान्याला ते कधीही कळणार नाही. बोल्ट प्रथम सुटा करून, पुसून, बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहायचा, मग पाना ३ वर लावायचा, मग ४ वर, दांडीवर चिकटपट्टीची खूण करायची, गल्लीच्या टोकापर्यंत खड्ड्यातून फिरवून आणायची, आणि खूण हलली असेल तरच ५ कडे जायचे, असा क्रम सध्या दुकानात पाळला जातो, आणि खूण न हलल्यामुळे बऱ्याच सायकली ४ वरच बाहेर पडतात.