सीताराम आणि होसे मारिया

होसे मारिया अस्नार हे गृहस्थ १९९६ पासून २००४ पर्यंत स्पेनचे पंतप्रधान होते. त्यांचे नाव वाचताना मराठी वाचक क्षणभर अडखळतो. मारिया हे तर येशूच्या मातेचे नाव. ते या मिशीवाल्या पुरुषाच्या वाट्यास कसे आले? परंतु स्पॅनिश लोकांस यात काही नवल वाटत नाही. त्यांच्या जोडनावात पहिले पद पुरुषाचे असले की नाव मुलाचे. तेच उलटवून 'मारिया होसे' म्हटले की मुलीचे. होसे म्हणजे योसेफ, आणि मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'तो भर घालो' असा आहे. मारिया हे हिब्रू मिर्यामचे रूप; त्याच्या अर्थाविषयी पंडितांत एकवाक्यता नाही. योसेफ आणि मारिया हे येशूच्या घरातील दांपत्य. तेव्हा असे नाव ठेवणे म्हणजे बालकाच्या मस्तकावर त्या दोघांचाही हात एकदम ठेवणे होय.

आम्हा मराठी माणसांस ही रीत परकी वाटण्याचे वस्तुतः कारण नाही. सीताराम, राधाकृष्ण, गौरीशंकर, लक्ष्मीनारायण ही नावे आमच्याकडे पुरुषच धारण करीत आले आहेत. भेद इतकाच की, स्पॅनिश नावाचे लिंग पहिल्या पदावर ठरते आणि आमच्या नावाचे शेवटच्या पदावर. त्यामुळे आमच्याकडे देवीस अग्रमान मिळतो.

समासाची गंमतही दोन्हीकडे आहे. 'मारिया दे लोस दोलोरेस' म्हणजे दुःखांची मारिया. हा आपला षष्ठी तत्पुरुषच. पण व्यवहारात मारिया गळते आणि मुलीस नुसते 'दोलोरेस', म्हणजे 'दुःखे', अशी हाक पडते! आमचा पांडुरंग हा बहुव्रीही. त्याचाही गल्लीत 'पांडू' होतोच. रामेश्वर या नावाचा विग्रह तर शिव आणि विष्णू यांनी परस्परांस मोठेपणा देण्यासाठी वेगवेगळा केला, असे आमचे जुने वैयाकरण विनोदाने सांगत. रामाचा ईश्वर तो रामेश्वर, असे विष्णूचे म्हणणे. राम ज्याचा ईश्वर तो रामेश्वर, असे शिवाचे. भांडण असावे तर असे!

परंतु येथे आमच्या मनात एक शल्य उभे राहते. आमच्या आजोबांचे नाव सीताराम होते. आयुष्यभर त्यांनी सीतेचे नाव रामाच्या आधी लिहिले. त्याच घरात आमची आजी सून म्हणून आली, ताटातील तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नवे नाव रेखले गेले, आणि तिचे माहेरचे नाव असे पुसले की आज ते घरात कोणासही सांगता येत नाही. देवीस अग्रपूजा आणि घरच्या लक्ष्मीस नामांतर, असा हा व्यवहार! स्पेनमध्ये विवाहाने स्त्रीचे नाव वा आडनाव पालटत नाही, आणि अपत्यास बाप व आई या दोघांचीही आडनावे मिळतात. तेथेही पुढच्या पिढीत आजीचे आडनाव बहुधा गळते, हे खरे. तथापि तिचे स्वतःचे नाव तिच्याजवळच राहते.

आम्ही राहतो त्या कर्जत स्थानकावर बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोडइंजिने लावतात. गाडीचे नाव घेताना त्यांचे नाव कोणी घेत नाही. पण चढ ती चढवतात. आमच्या घरांतील कितीतरी स्त्रियांची गत अशीच झाली.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ठरविले की, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या सरकारी कागदपत्रांत बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे व शेवटी आडनाव असा क्रम राहील. कित्येकांस ही नवी टूम वाटली. आम्हास मात्र ती सीताराम या जुन्या नावाचीच रीत वाटते: आधी सीता, मग राम. जी गोष्ट आम्ही देवांच्या बाबतीत शतकानुशतके मान्य केली, ती माणसांच्या बाबतीत मान्य करण्यास इतका विलंब का लागावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.